वजने उचलणाऱ्यांची रक्ततपासणी : कोणती करावी, केव्हा करावी, कशी वाचावी



गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एका नव्या वर्गाची ये-जा वाढली आहे. वय अठरा ते चाळीस, शरीर पिळदार किंवा ते तसे व्हावे ही तीव्र इच्छा, व्यायामशाळेत रोज तास-दीड तास वजने उचलण्याचा परिपाठ, आणि हातात रक्ततपासणीचा आठ-दहा पानांचा अहवाल. या मंडळींना बहुधा कोणताही त्रास होत नसतो. सवलतीच्या दरातील ‘पॅकेज’ केलेले असते, त्यातील दोन-चार आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ विचारण्यासाठी ते आपल्याकडे येतात. तो अर्थ सांगताना आपली गफलत कशी होऊ शकते, हे मी स्वानुभवाने शिकलो आहे. म्हणून आरंभी तो अनुभवच सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा एक चोवीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला. एका आरोग्य शिबिरात त्याचे रक्त तपासले गेले होते. एस.जी.ओ.टी. २१२, एस.जी.पी.टी. ९८, बिलिरुबिन मात्र ०.७. भूक उत्तम, मलमूत्र प्राकृत, नेत्र स्वच्छ. मी यकृद्विकाराचे निदान केले. आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी, कुटकी अशी योजना केली, तेल-तूप वर्ज्य केले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. आकडे किंचित उतरले, पण प्राकृत झाले नाहीत. मग काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. सर्व प्राकृत. घरचे घाबरले, मुलाचा धीर खचला, आणि त्या वर्षीची भरतीची मैदानी चाचणी त्याने दिलीच नाही.

अखेर एका पॅथॉलॉजिस्ट स्नेह्यांशी बोलणे झाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मुलगा बैठका मारतो का?” मुलगा बैठका मारत होता, वजने उचलत होता आणि मी विश्रांती सांगितल्यावरही घरच्यांच्या नकळत व्यायाम करीत होता. त्याची सी.पी.के. तपासली, ती ४,००० च्या पुढे निघाली. आठ दिवस संपूर्ण विश्रांती देऊन पुन्हा रक्त घेतले, तेव्हा एस.जी.ओ.टी. ३४ आली. यकृत पहिल्यापासून निरोगी होते. रक्तात वाढलेली द्रव्ये मांसधातूतून आलेली होती. मी तीन महिने नसलेल्या रोगाची चिकित्सा केली आणि त्या मुलाचे एक वर्ष गेले.

या अनुभवानंतर वजने उचलणाऱ्यांच्या रक्ततपासणीचा जो विचार मी करू लागलो, तो प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रश्न आधी, तपासणी नंतर

प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक आकड्यापुढे जी ‘प्राकृत मर्यादा’ छापलेली असते, ती सामान्यतः निरोगी व्यक्तींपैकी ९५ टक्के व्यक्तींचे आकडे जीत बसतात अशी मर्यादा असते. म्हणजेच निरोगी असूनही शंभरातील पाच जण तिच्या बाहेर पडतात. एका व्यक्तीच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता गणिताने सुमारे ६४ टक्के येते. साठ-सत्तर घटकांच्या पॅकेजमध्ये एखादा आकडा ठळक छापून येणे अटळच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ही मर्यादा सर्वसाधारण लोकांवरून ठरविलेली असते. ज्याचा मांसधातू सामान्यांहून अधिक उपचित आहे आणि ज्याने काल संध्याकाळीच त्याला श्रम दिले आहेत, त्याच्या रक्ताला ती मर्यादा जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीपूर्वी स्वतःला विचारावे : हा आकडा वाढला किंवा घटला, तर माझ्या चिकित्सेत काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती तपासणी लिहू नये.

रक्त केव्हा द्यावे

अहवालातील निम्मे घोळ रक्त देण्याच्या वेळेमुळे होतात. पुढील नियम रुग्णाला लेखी द्यावेत, असे मी सुचवीन.

१) रक्त देण्यापूर्वी किमान ४८ ते ७२ तास वजने उचलू नयेत. यकृताच्या विकरांचा किंवा सी.पी.के.चा संशय निवारण करण्यासाठी फेरतपासणी करावयाची असल्यास पूर्ण सात दिवस विश्रांती हवी.

२) पाणी नेहमीप्रमाणे प्यावे. स्पर्धेपूर्वी वजन उतरविण्यासाठी पाणी तोडलेल्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन, युरिया आणि क्रिएटिनीन हे तिन्ही वाढलेले दिसू शकतात.

३) केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. शरीराची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम असताना या गोळ्यांत ५ ते १० हजार मायक्रोग्रॅम बायोटिन असते. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत त्यामुळे टी.एस.एच. खोटी कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत २०१७ मध्ये इशारा दिला होता. प्राकृत व्यक्तीला थायरॉइडची रुग्ण ठरविण्यास एवढे पुरेसे आहे.

४) क्रिएटिन, प्रथिनांची पावडर, वेदनाशामक गोळ्या, प्रशिक्षकाने दिलेली कोणतीही पुडी वा इंजेक्शन आणि आपल्याच शास्त्रातील औषधे यांची नोंद रक्त घेण्यापूर्वी करावी.

५) फेरतपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी करावी. एका आकड्यापेक्षा तोच आकडा सहा महिन्यांत कोणत्या दिशेने सरकला, हे अधिक सांगून जाते.

वर्षातून एकदा करण्याजोग्या तपासण्या

नियमित वजने उचलणाऱ्या निरोगी प्रौढासाठी माझ्या मते पुढील पाच तपासण्या पुरेशा आहेत. सोबत रक्तदाब मोजावा. तो रक्ततपासणीत येत नाही, परंतु या वर्गात अनेकदा तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

हिमोग्राम : पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली असल्यास पांडू समजून कारण शोधावे. ‘ताकद वाढत नाही, दम लागतो’ म्हणून प्रथिनांचे डबे बदलणाऱ्या कित्येक तरुणींचा प्रश्न येथेच सुटतो. मर्यादेच्या वर गेलेल्या आकड्याकडेही तितकेच लक्ष हवे. हिमॅटोक्रिट ५० च्या वर सरकत असेल, तर निर्जलीकरण, धूम्रपान, निद्रेतील श्वासावरोध आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने या चारही कारणांची चौकशी करावी. वैद्यकीय देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन देतानाही हिमॅटोक्रिट ५४ च्या पुढे गेल्यास औषध थांबवितात, कारण रक्त घट्ट होऊन गुठळीचे भय वाढते.

उपाशीपोटीची साखर किंवा एच.बी.ए.वन.सी. : पिळदार शरीर प्रमेहापासून अभय देत नाही. कुटुंबात मधुमेह असेल तर ही तपासणी तिशीपूर्वीच सुरू करावी. एच.बी.ए.वन.सी. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रमेहाची पूर्वावस्था व ६.५ पासून पुढे मधुमेह. मात्र लोहाची कमतरता असल्यास हा आकडा खोटा वाढतो, आणि हिमोग्लोबिनच्या रचनेत जन्मजात भेद असल्यास तो विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहावी.

मेदाची तपासणी : एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा एल.डी.एल., एच.डी.एल. आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. वजा करून येणारा आकडा यांना महत्त्व द्यावे. रोज डझनभर अंडी, लोणी आणि मांस खाणाऱ्याची एल.डी.एल. वाढलेली असेल, तर ‘व्यायाम करतो, जिरून जाईल’ या भरवशावर राहू नये. कुटुंबात अल्पवयात हृद्रोगाने मृत्यू झाला असल्यास लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तिचा आकडा मुख्यतः आनुवंशिक असतो, त्यामुळे दरवर्षी करण्याचे कारण नाही.

क्रिएटिनीन आणि मूत्रतपासणी : क्रिएटिनीन हे मांसधातूतील क्रिएटिनपासून तयार होते. मांसधातू अधिक, तर क्रिएटिनीन अधिक. मांसाहाराने व क्रिएटिनच्या सेवनाने ते आणखी वाढते. २८ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनीन १.४ असेल, तर त्यावरून सूत्राने काढलेला ई.जी.एफ.आर. सुमारे ७० येतो, आणि धष्टपुष्ट पहिलवानाच्या हाती ‘वृक्काची कार्यक्षमता कमी’ असा अहवाल पडतो. येथे घाईने प्रथिने तोडू नयेत व वृक्करोगाचा शिक्काही मारू नये. दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विश्रांतीनंतरच्या सकाळच्या मूत्रात अल्ब्युमिन जाते का. तीव्र व्यायामानंतर ते एखाद-दुसरा दिवस निरोगी माणसातही जाते, म्हणून विश्रांती आवश्यक. दुसरी, सिस्टॅटिन-सी. हे द्रव्य मांसधातूच्या प्रमाणावर फारसे अवलंबून नसते. मूत्र स्वच्छ, रक्तदाब प्राकृत आणि सिस्टॅटिन-सी प्राकृत असल्यास वृक्क बहुधा निर्दोष समजावेत. यांपैकी एकही बिघडले असल्यास मात्र ‘मांसामुळे वाढले’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

यकृताच्या तपासण्या, जी.जी.टी.सह : लेखाच्या आरंभी सांगितलेली माझी चूक येथील आहे, म्हणून याचा स्वतंत्र विचार करतो.

यकृत की मांस?

एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. यांना आपण ‘यकृताचे एंझाइम’ म्हणतो, ही सोयीची पण अपुरी भाषा आहे. दोन्ही मांसपेशींतही असतात, पहिले विशेष प्रमाणात. जड वजने उचलल्यावर मांसपेशींना सूक्ष्म इजा होते आणि ही द्रव्ये सी.पी.के.सोबत रक्तात उतरतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, वजने उचलण्याची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून एक तास हा व्यायाम करवून घेतला आणि नंतर सात दिवस त्यांचे रक्त तपासले. एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी. आणि सी.पी.के. हे सर्व वाढले आणि सातव्या दिवशीही पूर्ववत झाले नाहीत. बिलिरुबिन, जी.जी.टी. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र प्राकृत राहिले.

या शेवटच्या वाक्यात निदानाची किल्ली आहे. जी.जी.टी. मांसपेशींतून येत नाही. म्हणून एस.जी.ओ.टी. वाढलेली, सी.पी.के. वाढलेली, पण जी.जी.टी. व बिलिरुबिन प्राकृत, असा मेळ दिसला तर दोष मांसाकडे जातो. सात दिवस विश्रांती देऊन पुन्हा रक्त तपासावे, आकडे उतरणीला लागलेले दिसतात. याउलट सी.पी.के. प्राकृत आणि जी.जी.टी., बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले, तर यकृताचाच विचार करावा. विश्रांतीनंतरही सी.पी.के. वाढलेलीच राहिली, तर थायरॉइडची मंदता, कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन वर्गातील औषधे आणि मांसधातूचे स्वतंत्र विकार यांचा शोध घ्यावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण एक चूक सुधारताना माणूस नेमकी उलटी चूक करतो. पहिल्या प्रसंगानंतर दोन-तीन वर्षांनी व्यायामशाळेतला आणखी एक तरुण एस.जी.पी.टी. वाढल्याचा अहवाल घेऊन आला. मी आत्मविश्वासाने ‘हे मांसाचे आहे’ असे सांगून त्याला परत पाठविले. दहा दिवसांनी तो आला तो अंगाला खाज आणि नेत्रांना पीतवर्ण घेऊन. प्रशिक्षकाने दिलेल्या गोळ्या तो सहा आठवडे घेत होता आणि मी त्याला ते विचारलेच नव्हते. त्याला तत्काळ यकृततज्ज्ञांकडे पाठविले, गोळ्या बंद झाल्या आणि काही महिन्यांत तो बरा झाला. पहिल्या भेटीतच सी.पी.के. व जी.जी.टी. लिहिली असती, तर त्याच दिवशी उलगडा झाला असता.

न सांगितले जाणारे औषध

तोंडाने घेतली जाणारी अनेक अॅनाबॉलिक स्टेरॉइड औषधे यकृतातील पित्तप्रवाह अडवितात. स्टॅनोझोलॉल व मिथँडिएनोन ही त्यांतील ठळक नावे. इंजेक्शनांचा यकृतावर तितका आघात होत नाही, परंतु इतर धातूंवरील परिणाम चुकत नाहीत. रुग्ण आपणहून हे सांगत नाही. तेव्हा एकांतात, न रागावता, ‘सायकल चालू आहे का?’ असे त्याच्याच भाषेत विचारावे. अहवालही काही खुणा देतो : एच.डी.एल. अगदी खाली घसरलेली, एल.डी.एल. वाढलेली, हिमॅटोक्रिट चढलेला, आणि एल.एच. व एफ.एस.एच. जवळजवळ शून्यावर. टेस्टोस्टेरॉनचेच इंजेक्शन असेल तर त्याचा आकडा फार वर दिसतो. अन्य स्टेरॉइड असेल तर तो फार खाली जातो.

हा विषय आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या जोडप्यांत पिळदार शरीराचा पती व वीर्यतपासणीत शुक्राणूंचा अभाव, असे चित्र आता दिसू लागले आहे. आपण शुक्रक्षय समजून वाजीकरण योजतो आणि महिने जातात. बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकामुळे शरीराने स्वतःची निर्मिती थांबविलेली असते, हे एल.एच. व एफ.एस.एच. या दोन तपासण्या सांगतात. औषध बंद झाल्यावर बहुतेकांत निर्मिती परत येते, पण त्यास अनेक महिने लागतात, क्वचित त्याहून अधिक. अशा रुग्णास अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठवावे.

येथे आपल्या औषधांविषयीही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. व्यायामशाळांत अश्वगंधा आता सर्रास घेतली जाते, तीही घनसत्त्वाच्या स्वरूपात, अनुपान, मात्रा आणि काल यांचा विचार न करता. २०२० मध्ये आइसलँड व अमेरिकेतील पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. अश्वगंधायुक्त पूरके घेतल्यानंतर त्यांना कावीळ व खाज उद्भवली होती, यकृत निकामी होण्याची वेळ मात्र कोणावर आली नाही. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतून अशाच नोंदी प्रसिद्ध झाल्या. आयुष मंत्रालयाने त्यांतील निष्कर्ष अमान्य केला आणि वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा उपस्थित केला. हा वाद आपल्या जागी असो. चिकित्सालयात बसलेल्या वैद्याने पाळावयाचा नियम साधा आहे : खाज, पीत मूत्र, अरुची किंवा वाढलेले बिलिरुबिन दिसल्यास सर्व पूरके, आपण दिलेलीसुद्धा, त्याच दिवशी थांबवावीत.

प्रसंगानुसार करावयाच्या तपासण्या

फेरिटीन : मासिक रक्तस्राव अधिक असणाऱ्या, शाकाहारी किंवा वारंवार रक्तदान करणाऱ्या व्यक्तीत उपयुक्त. हिमोग्लोबिन प्राकृत असतानाही लोहाचा साठा रिता असू शकतो. शरीरात शोथ किंवा ज्वर असताना फेरिटीन खोटी वाढते, हे ध्यानी असावे.

बी-१२ : आपल्याकडील शाकाहारी वर्गात हिची कमतरता वारंवार आढळते. हातापायांना मुंग्या, जिव्हादाह किंवा हिमोग्राममध्ये मोठ्या आकाराच्या रक्तपेशी असल्यास अवश्य करावी.

ड-जीवनसत्त्व : निरोगी प्रौढाची नित्य तपासणी करू नये, असे अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. अस्थिशूल, मांड्या-खांद्यांचे दौर्बल्य किंवा वारंवार अस्थिभंग असल्यास तपासावे. दुसरा प्रसंग अतिसेवनाचा. साठ हजार युनिटची पाकिटे आठवड्यातून एकदा घ्यावयाची असताना कित्येक मुले ती रोज घेतात. अशांना तृष्णा, मलावष्टंभ, छर्दी असल्यास ड-जीवनसत्त्वासोबत कॅल्शियम व क्रिएटिनीन त्वरित पाहावे.

टी.एस.एच. : थकवा, वजनवाढ, केस गळणे, वाढलेली सी.पी.के. अशी लक्षणे असता.

टेस्टोस्टेरॉन : ‘स्नायू वाढत नाहीत’ हे या तपासणीचे कारण नव्हे. कामेच्छा व ध्वजोत्थान यांत घट, वंध्यत्व अशी लक्षणे असल्यास सकाळी ७ ते १० या वेळेत, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे. जागरण, आजारपण आणि कठोर लंघन यांनी हा आकडा तात्पुरता उतरतो.

आर्तव बंद झालेल्या तरुणी : वजन उतरविण्याच्या नादात आहार तोडून व्यायाम करणाऱ्यांत हे दिसते. गर्भधारणा नसल्याची खात्री करून टी.एस.एच., प्रोलॅक्टिन व फेरिटीन तपासावे. या सर्वांत मुख्य उपाय पुरेसा आहार हाच ठरतो.

युरिक अॅसिड : संधिशूल किंवा मुतखड्याचा इतिहास असल्यासच. तीव्र व्यायामाने हा आकडा तात्पुरता वाढतो. केवळ आकड्यासाठी डाळी तोडू नयेत.

सिकलसेल : विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर तसेच नंदुरबार या भागांतील आपल्या बांधवांनी ही तपासणी विशेष लक्षात ठेवावी. वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमजन्य मांसनाशाचा धोका सुमारे दीडपट आढळला. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले नव्हते. म्हणून वाहकाला व्यायामबंदी करण्याचे कारण नाही. हळूहळू वाढविणे, पुरेसे पाणी आणि उन्हात अतिश्रम टाळणे, एवढे सांगावे. केंद्र शासनाच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेला जुलै २०२३ मध्ये प्रारंभ झाला आहे. आयुष्यात एकदाच करावयाची ही तपासणी आहे.

एरव्ही कर्करोगसूचक द्रव्ये, ‘अॅलर्जी’च्या मोठ्या याद्या, कॉर्टिसॉल, अमायलेज आणि प्रत्येक जीवनसत्त्वाचे मोजमाप यांतून निरोगी व्यायामपटूच्या हाती चिंता आणि खर्च यांखेरीज फारसे काही पडत नाही.

तपासणीची वाट पाहू नये असा प्रसंग

तीव्र व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत मांसपेशींना असह्य वेदना व सूज, हात किंवा पाय हलविता न येणे, आणि काळ्या चहासारखे किंवा तपकिरी मूत्र, ही मांसनाशाची लक्षणे आहेत. नवख्याने ईर्ष्येपोटी एकाच दिवशी शेकडो बैठका मारणे, आजारपणानंतर पहिल्याच दिवशी जुनी वजने उचलणे, उकाड्यात पाणी न पिता व्यायाम करणे, ही त्याची नेहमीची कारणे. सी.पी.के. येथे हजारांत, कधी लाखात जाते. मूत्राच्या पट्टीवर रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी सापडत नाहीत, कारण पट्टी मायोग्लोबिनला प्रतिसाद देत असते. हे द्रव्य वृक्कांना इजा करते आणि रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाची गती बिघडू शकते. अशा रुग्णास मूत्रल काढे देत घरी ठेवू नये, वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. शिरेतून द्रव देण्याची व वृक्कांवर लक्ष ठेवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला पाठवावे.

शास्त्राने सांगितलेली मर्यादा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अतिव्यायामाच्या परिणामांत श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी यांची गणना केली आहे आणि हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्धापर्यंतच व्यायाम करावा असे सांगितले. कपाळ, नासिका, काख व सांधे यांवर स्वेद, मुखशोष आणि तोंडाने श्वास, ही बलार्धाची लक्षणे मानली जातात. सी.पी.के. आणि बलार्ध यांचा शब्दशः मेळ घालण्याचा मोह मी टाळतो. दोन्हींची भाषा भिन्न आहे. परंतु शक्तीचा विचार न करता केलेला व्यायाम धातूंचा क्षय करतो, हे आचार्यांनी लक्षणांवरून जाणले होते. आज तेच वाढलेल्या आकड्यांतूनही दिसते.

शक्तीचा हा विचार रुग्णाला प्रत्यक्ष पाहूनच करता येतो. म्हणूनच अहवाल हाती घेण्यापूर्वी निद्रा, अग्नी, आहार, व्यायामाचे प्रमाण आणि औषधे विचारावीत, नाडी व रक्तदाब पाहावा. माझ्याकडे आलेल्या त्या पहिल्या मुलाला मी “काल किती बैठका मारल्यास?” एवढे जरी विचारले असते, तरी पुढचे सारे टळले असते. तो मुलगा पुढील वर्षी भरती झाला, आजही अधूनमधून भेटतो. त्याने मला दोष दिला नाही. तथापि आपल्यापैकी कोणाच्याही रुग्णाचे एक वर्ष अशा कारणाने वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. समव्यावसायिकांचे यासंबंधीचे भलेबुरे अनुभव याच पृष्ठांवर वाचावयास मिळावेत, ही विनंती.

इत्यलम्.